कोपऱ्यातला हिरवा थेंब

माझी बायको चिडकी आहे हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं. सांगणारा तिचा सख्खा मामा होता आणि त्याने ते कौतुकाने सांगितलं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे ती इस्पितळात कॉम्प्युटरच्या कामाला लागली आणि तिथे तिला ‘फणकारेबाई’ हे नाव पडलं. नव्याने आलेल्या डॉक्टरांना ते तिचं आडनावच वाटायचं. एकाने तर नवा प्रिंटर मागताना अर्जावर तसं लिहून दिलं. ती त्यावरही फणकारली, पण प्रिंटर दिला.

घरी तिचा राग ओळखायची माझी एक खूण आहे. मन ताळ्यावर असलं की ती मला ‘अहो’ म्हणते. डोकं फिरलं की ‘अरे’. मी सांगतोय त्या दिवसांत ‘अहो’ कसं ऐकू येतं तेच मी विसरून गेलो होतो.

आम्ही दोघं एकाच इस्पितळात. बाळंतिणींचं आणि लहान मुलांचं इस्पितळ. ती तळमजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत, मी गाडीवर. माझी गाडी दूधपेढीची. दूधपेढी म्हणजे काय हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. दिवस भरण्याआधी जन्मलेली मुठीएवढी बाळं असतात. त्यांच्या आईला कधी दूध येत नाही, कधी आईच अत्यवस्थ असते. अशा बाळांसाठी दुसऱ्या बायका आपलं दूध देतात. मी घरोघरी जाऊन त्या बाटल्या बर्फाच्या पेटीतून आणतो. मग दूध तपासतात, तापवून निर्जंतुक करतात आणि मोठ्या फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठवून ठेवतात. लागेल तसं थोडं थोडं बाहेर काढतात.

या बायका मला तोंडपाठ आहेत. कुणी पोर खांद्यावर टाकून दार उघडते, कुणी बाटली हातात घेऊन आधीच जिन्यात उभी असते. एक अशी होती की तिचं स्वतःचं बाळ जगलं नाही. दूध मात्र येत राहिलं. पहिली बाटली देताना ती मला म्हणाली, ‘‘कुणाच्या तरी पोटात जाऊ दे.’’ मी पेटीचं झाकण लावलं आणि मान हलवली.

दूधपेढीच्या खोलीत मावशी असत. माझ्या नात्यातल्या नव्हेत, अख्ख्या इस्पितळाच्या मावशी. बाटल्या धुणं, चिठ्ठ्या चिकटवणं, फ्रीजरकडे लक्ष ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे. बोलणं मोजकं. मी बाटली उलटी ठेवली तरी नुसत्या बघत, आणि मी ती सुलटी करत असे.

फ्रीजरकडे लक्ष ठेवायला एक प्रोग्राम होता. फ्रीजरच्या पोटात तापमान मोजणारी एक काडी, तिची वायर टेबलावरच्या कॉम्प्युटरला. त्याच कॉम्प्युटरवर मावशी आलेल्या बाटल्या नोंदवत, त्यामुळे त्या प्रोग्रामची मोठी खिडकी सतत उघडी ठेवणं जमायचं नाही. ती बंद केली तरी प्रोग्राम आत चालूच राहायचा आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, त्याचं एक चिमुकलं चिन्ह दिसायचं. थेंबाचं. या कोपऱ्यातल्या पट्टीला सिस्टिम ट्रे म्हणतात हे मला बायकोने शिकवलं. थेंब हिरवा असेल तर सगळं ठीक, लाल झाला तर धावा.

पूर्वी थेंब लाल झाला की आवाजही व्हायचा, कानठळ्या बसतील असा. एकदा बाहेरचे मोठे पाहुणे इस्पितळ बघायला आले होते. प्रशासक त्यांना दूधपेढी दाखवत होते आणि दाखवण्याच्या भरात त्यांनी फ्रीजरचं दार बराच वेळ उघडं धरलं. आवाज सुरू झाला. पलीकडच्या खोलीतली बाळं रडायला लागली, पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी प्रशासकांनी स्पीकर काढायला लावला.

बायको तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली होती. ‘‘आवाज काढताय तर त्याच्या जागी दुसरं काय देताय?’’

‘‘चिन्ह आहे ना,’’ ते म्हणाले. ‘‘लाल होतं ना? माणूस बसलेलाच असतो समोर.’’

ती घरी आली आणि तिने भांडी अशी घासली की एका पातेल्याचा कान निघाला.

इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, म्हणजे विंडोजऐवजी तसल्याच एका फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर. तेही तिनेच आणलं, भांडून. त्यामुळे लिनक्सचं काही बिघडलं की लोक तिच्याकडे असे बघतात जणू तिच्याच पोराने काच फोडली आहे. त्या वर्षी तिने सगळ्या मशिनांवर नवी आवृत्ती चढवली आणि दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन आला, थेंब कुठे गेला म्हणून.

थेंब नव्हताच. प्रोग्राम चालू होता, पण कोपऱ्यातलं चिन्ह गायब. खिडकी एकदा बंद केली की परत उघडायची सोयच नाही, कारण उघडायची ती त्या चिन्हावर टिचकी मारून. प्रोग्राम पुन्हा सुरू करायला जावं तर काहीच होत नाही, कारण तो आधीच आत चालू आहे. मावशी म्हणाल्या, ‘‘घरात माणूस आहे पण दाराला कडी आतून, तसं झालंय.’’

बायकोने शोधून काढलं की हा बिघाड नव्हताच. नवीन आवृत्तीत ती पट्टी मुद्दाम काढून टाकली होती. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की कोपऱ्यातली ती चिन्हं म्हणजे पसारा, त्याने पडदा गचाळ दिसतो.

‘‘पसारा,’’ ती मला जेवताना म्हणाली. ‘‘अरे, माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुणी माझी मिठाची बरणी उचलून नेली आणि म्हणालं, ओटा किती सुटसुटीत दिसतो बघा. असं झालं हे.’’

मी पोळी पुढे सरकवली.

तिच्यासारखे चिडलेले जगभर होते. त्यांच्यापैकी कुणीतरी एक जोड बनवली होती, छोटासा जादा प्रोग्राम. तो बसवला की कोपऱ्यात चिन्हं पुन्हा दिसू लागत. बायकोने तो सगळ्या मशिनांवर बसवला. दूधपेढीत थेंब परत आला, हिरवागार. मावशी चष्मा कपाळावर चढवून जवळ गेल्या, बघितला आणि म्हणाल्या, ‘‘आला बाई एकदाचा.’’ त्यावर सगळ्यांनी आपापल्या कामाला सुरुवात केली.

मग तो रविवार आला.

रविवारी मोठा फ्रीजर सहसा कुणी उघडत नाही. लागणारं दूध आदल्या दिवशीच काढून लहान फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. सकाळी कधीतरी मोठ्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर बंद पडला. मावशी दिवसभर समोर बसलेल्या होत्या. संध्याकाळी पाळी बदलताना नर्सने काहीतरी काढायला दार उघडलं आणि पहिलीच बाटली तिच्या हातात मऊ लागली.

एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवून बाळांना देता येत नाही. सगळं टाकावं लागतं. सोमवारी सकाळी मी पेटी घेऊन आत गेलो तेव्हा दोघीजणी मोरीपाशी उभ्या राहून बाटल्या रिकाम्या करत होत्या. नुसता बुडबुड आवाज येत होता. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मला ओळखू येत होत्या, कारण त्यातल्या बहुतेक मीच आणलेल्या. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना हात लावू दिला नव्हता.

प्रशासक आले. पेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आल्या. कुणीतरी प्रोग्रामची मोठी खिडकी उघडली. खिडकी लालभडक. रविवारी सकाळपासून तापमान चढल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं.

‘‘प्रोग्रामने सांगितलं होतं,’’ प्रशासक म्हणाले. ‘‘बाईंनी पाहिलं नाही.’’

‘‘थेंब हिरवा होता,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘हिरवा कसा असेल? इथे लाल दिसतंय.’’

‘‘ते आतलं मला माहीत नाही. वर कोपऱ्यात हिरवा होता. दिवसभर.’’

‘‘झोप लागली असेल.’’

‘‘मी झोपले नव्हते.’’

हेच तीनचार वेळा झालं. दरवेळी प्रश्न जरा वेगळा, उत्तर तेच. आदल्या संध्याकाळच्या धांदलीत कुणीतरी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला होता, फ्रीजरची वायर हलवली होती, त्यामुळे कोपऱ्यात आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी मावशींना सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा. त्यांनी आपला डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि गेल्या.

‘‘अरे, मावशी खोटं बोलत नाहीत,’’ बायको गाडीत बसता बसता म्हणाली. ‘‘उद्या जेवणाच्या सुट्टीत ये. पाणी कोमट करून आण.’’

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. फ्रीजर दुरुस्त होऊन रिकामा गुरगुरत होता. तिने तापमानाची काडी बाहेर काढली, मी पुढे केलेल्या मगात बुडवली, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. थेंब आला तो लालच आला. टपोरा, लाल.

ती खुर्चीत बसली. काडी पुसली, पुन्हा तेच केलं. पुन्हा लाल.

‘‘चालतंय की,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला आवडला नाही.

त्याच दिवशी काम सुटल्यावर ती मला घेऊन मावशींच्या घरी गेली. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या. जिन्यात इस्त्रीचा वास. मावशींची सून पाळण्यापाशी बसली होती, मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बायकोला खुर्ची दिली, मला स्टूल.

‘‘मावशी, मी मशीन तपासलं,’’ बायको म्हणाली. ‘‘थेंब लाल होतो. दोनदा केलं मी.’’

‘‘त्या दिवशी झाला नाही.’’

‘‘मावशी, माझ्यापासून काय लपवायचं? रविवार, दुपार, खोलीत कुणी नाही. लागतो माणसाचा डोळा. मला सांगितलंत तर मी तुमच्या बाजूने बोलू शकेन.’’

मावशींनी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. सुनेने वर बघितलं.

‘‘तूसुद्धा?’’ मावशी एवढंच म्हणाल्या. मग सुनेला सांगितलं, ‘‘त्यांना पाणी दे.’’ पाणी आलं. आम्ही प्यायलो आणि उठलो.

गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, मावशी अशा नाहीत. ती म्हणाली, मशीन माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं, मी काय डोळे फोडून घेऊ? मी म्हटलं, मग जायचं कशाला त्यांच्या घरी, सुनेसमोर विचारायचं कशाला? ती म्हणाली, मला वाटलं मी मदत करतेय.

त्या आठवड्यात मला घरोघरी जाऊन सांगावं लागलं की दिलेलं दूध वाया गेलं. कुणी म्हणालं, असू दे. कुणी म्हणालं, मग आम्ही रात्रंदिवस कशाला पिळायचं? जिचं बाळ गेलं होतं तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कुणामुळे?’’

‘‘चौकशी चालू आहे,’’ मी म्हणालो. स्वतःच्याच तोंडून प्रशासकांचं वाक्य ऐकून माझं टाळकं सणकलं.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीची तक्रार होती की निरोप आलाय हे दाखवणारं चिन्ह दिवसभर तसंच राहतं, निरोप वाचले तरी बदलत नाही. बायकोने मान वर न करता नेहमीचं उत्तर दिलं, ‘‘बंद करून चालू कर.’’

‘‘ते मी रोजच करते,’’ मुलगी म्हणाली. ‘‘चालू केल्या केल्या बरोबर दाखवतं. नंतर तिथेच अडकतं.’’

बायको उठली ती तशीच दूधपेढीकडे पळत गेली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो, तेव्हा फोन आला. ‘‘अरे, कुठे आहेस? परत फिर. गरम पाणी घेऊन ये.’’

‘‘इस्पितळात गरम पाणी मिळत नाही का?’’

‘‘मग तू ये.’’

मी पोहोचलो तेव्हा ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. या वेळी तिने प्रोग्रामला हात लावला नाही. काडी गार होती, थेंब हिरवा. तिने मोठी खिडकी उघडून शेजारी ठेवली आणि मला म्हणाली, ‘‘बुडव.’’

मी काडी गरम पाण्यात बुडवली. खिडकीतले आकडे चढायला लागले. चढता चढता सगळी खिडकी लाल झाली. आणि वर कोपऱ्यात थेंब हिरवा. आम्ही थांबलो. पाण्याची वाफ माझ्या चष्म्यावर आली, मी तो पुसला, पुन्हा बघितलं. एकाच पडद्यावर अर्ध्या हाताच्या अंतरावर एक म्हणतंय आग लागली आणि दुसरं म्हणतंय सगळं छान आहे.

बायकोने टेबलावर मूठ आपटली. मगातलं पाणी सांडलं.

‘‘दिवसभर हिरवा,’’ ती म्हणाली. ‘‘बाईने पहिल्या दिवशी शब्द न् शब्द बरोबर सांगितलं होतं.’’

मला समजेल असं तिने ते समजावलं. प्रोग्राम रंग बदलतो म्हणजे नवं चित्र काढतो, पण ते जुन्याच नावाने जुन्याच जागी ठेवतो. तिने बसवलेली जोड फक्त नाव बघते. नाव तेच, म्हणजे चित्रही तेच असणार, असं धरून ती आपल्याजवळचं जुनं चित्र दाखवत राहते. जुनी पट्टी दरवेळी चित्रच बघायची, म्हणून इतकी वर्षं कधी अडलं नाही. प्रोग्राम बंद करून चालू केला की जोडीला पहिल्यांदा जे मिळतं ते ती नीट दाखवते, म्हणून तिच्या तपासणीत थेंब लाल आला होता.

‘‘म्हणजे दारावर पाटी तीच आहे ना, मग आत कोण राहायला आलं ते बघायचंच नाही,’’ मी म्हणालो.

‘‘तेच.’’ तिने सांडलेलं पाणी पुसलं. ‘‘जोड बसवली तेव्हा थेंब आला एवढंच बघितलं मी. तो लाल होतो का ते बघितलंच नाही. आणि तपासायला आले तेव्हा आधी बंद करून चालू केलं. दिवसातून पन्नास लोकांना सांगते ना, तीच सवय. आणि त्या भरवशावर मी त्या बाईला विचारलं की तुझा डोळा लागला का.’’

घरी येऊन तिने शोधलं. हाच दोष कुणीतरी कधीचाच जगासमोर मांडून ठेवला होता. त्याखाली लांबलचक वाद. जोड बनवणारे म्हणत होते, प्रोग्रामवाल्यांनी दरवेळी नवं नाव द्यायला हवं. प्रोग्रामवाले म्हणत होते, चित्र बदललं की नाही हे जोडीने बघायला हवं. शेवटी कुणीतरी ‘हे आमचं काम नाही’ असं लिहून तो विषय बंद केला होता. ती मला एकेक उत्तर मोठ्याने वाचून दाखवत होती आणि प्रत्येकानंतर त्या माणसाविषयी जे बोलत होती ते मी इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आमचा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी दुकान कधीच गुंडाळलं होतं, पण त्याचा आतला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, इस्पितळाकडे होता. तिने त्यात बदल करून प्रत्येक नव्या चित्राला नवं नाव द्यायला लावलं. काम एका दुपारचं. ते इतकं लहान निघालं याचा तिला जास्त संताप आला.

मग ती प्रशासकांच्या केबिनमध्ये गेली. मला बरोबर नेलं, कारण कॉम्प्युटर मला उचलायचा होता. डॉक्टरीणबाईंनाही तिने बोलावून घेतलं. तिने दुरुस्त न केलेला प्रोग्राम चालू केला, काडी गरम पाण्याच्या मगात सोडली आणि खिडकी उघडून ठेवली. आम्ही तिघंही बघत राहिलो, आत लाल, वर हिरवा.

प्रशासक हुशार माणूस. त्यांना लगेच समजलं. ‘‘ही जोड कुणी बसवली?’’

‘‘मी.’’

‘‘म्हणजे चूक तुमची.’’

‘‘माझी,’’ बायको म्हणाली. ‘‘लिहा. जोड मी बसवली आणि थेंब लाल होतो की नाही ते तपासलं नाही. त्याच्या खाली लिहा की आवाज तुम्ही काढलात. आवाज असता तर थेंब निळा झाला असता तरी दूध वाचलं असतं. आणि त्याच्याही खाली लिहा की मावशींनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं आणि तुम्ही, मी, कुणी ऐकलं नाही.’’

‘‘आवाजाचा विषय या चौकशीत येत नाही.’’

‘‘का येत नाही?’’

‘‘बाई, आवाज खाली ठेवा.’’

‘‘आवाज खाली ठेवूनच हे झालंय, साहेब.’’

तिचे कान लाल झाले होते. मी तिच्या मागे उभा होतो आणि मलाही राग आला होता. माझ्या डोळ्यांसमोर मोरी होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आवाजाचा विषय येतो. स्पीकर काढला तेव्हा मला विचारलं नव्हतं. मीही नंतर बोलले नाही. पण येतो.’’

शेवटी अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ असं आलं. बिघाडाच्या पुढे कुणाचं नाव नाही. माझ्या बायकोला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घडी करून पर्समध्ये ठेवली, वाद घातला नाही. स्पीकर एका सकाळी परत बसलेला दिसला. कुणी बसवायला सांगितला, काही कळलं नाही, आणि प्रशासकांनी तो कधीच पाहिला नसल्यासारखं त्याच्याखालून ये-जा सुरू ठेवली. मावशींना कामावर रुजू होण्याचं पत्र गेलं.

मावशी आल्या नाहीत.

बायको वाट बघत राहिली. मग एका सुट्टीच्या सकाळी म्हणाली, ‘‘चल.’’ लाँड्रीच्या वर तीच खोली, तीच खुर्ची, तेच स्टूल. या वेळी मावशींनी बसा म्हणायला जरा वेळ घेतला.

‘‘मावशी, माझं चुकलं,’’ बायको म्हणाली. ‘‘थेंब हिरवाच होता. मी शोधून काढलं, दुरुस्त केलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही परत या.’’

मावशींनी तिच्याकडे बघितलं. मी इतक्या वर्षांत मावशींना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

‘‘मशीनचं मला सांगू नकोस. त्या साहेबाचंही नको. तो मला ओळखत नव्हता, तो काहीही म्हणेल. तू माझ्या घरात या खुर्चीत बसून म्हणालीस, डोळा लागला असेल. माझ्या सुनेच्या देखत. मी दिवसा एवढीशी पडले तरी आता ती येऊन बाळाला उचलून नेते. बाहेर जाताना मला विचारते, आई, लक्ष द्याल ना नीट? तीन पोरं वाढवली मी. आता मला हे विचारतात.’’

बायको उठली. सून आत कट्ट्यापाशी उभी होती. बायको तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. जोड, थेंब, नाव तेच आणि चित्र वेगळं, गरम पाणी, बंद करून चालू करण्याची सवय. इतक्या रागाने सांगत होती की ती पोरगी आधी भ्यालीच. तिला वाटलं राग आपल्यावर आहे. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. तिने मधेच विचारलं, ‘‘म्हणजे आई जाग्या होत्या?’’

‘‘जाग्या होत्या. समोर बसून बघत होत्या. त्यांनी बघितलं ते बरोबर होतं. चूक बघणाऱ्याची नव्हती, दाखवणाऱ्याची होती. आणि ते दाखवणारं मी बसवलं होतं. हे मी कुणाहीसमोर म्हणेन, तू म्हणशील तिथे येऊन म्हणेन.’’

पाळण्यातलं बाळ आवाजाने जागं झालं आणि रडायला लागलं. सून दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि मावशींकडे बघून म्हणाली, ‘‘आई, घेता का जरा? माझे हात ओले आहेत.’’ तिचे हात ओले नव्हते. मावशींनी बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी गेल्या. आम्ही थोडा वेळ बसलो. मग निरोप घेऊन निघालो. जिन्यात बायको एकदा थांबली, कठड्याला धरून उभी राहिली.

मावशी इस्पितळात परतल्या नाहीत. घराजवळच्या पाळणाघरात लागल्या. बायकोने त्या दोषाविषयी पुन्हा जगासमोर लिहिलं, इस्पितळाचं नाव न घेता, काय वाया गेलं ते मात्र स्पष्ट घालून. कुठल्यातरी देशातल्या एकाने उत्तर दिलं की त्याच्याकडेही असंच झालं होतं, तिथे रोपं मेली होती. आणखी एकाने लिहिलं, भाषा सौम्य ठेवावी. त्याला तिने काय उत्तर दिलं ते मी वाचलेलं नाही, पण त्यानंतर काही दिवसांतच जोडीची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात चित्रही बघितलं जातं असं ती म्हणाली. त्यावर विश्वास न ठेवता ती अजूनही ठरावीक वारी दूधपेढीत जाते, काडी गरम पाण्यात बुडवते, कशालाही हात न लावता थेंबाकडे बघत उभी राहते.

मावशी मला अधूनमधून रस्त्यात दिसतात, पाळणाघराची पोरं रांगेत घेऊन चाललेल्या. गाडी दिसली की हात करतात. मी थांबवतो. आज किती बाटल्या मिळाल्या, नवी कुणी देणारी आली का, मुठीएवढी बाळं आता किती आहेत, सगळं विचारतात. मी सांगतो. माझ्या बायकोचं त्या काही विचारत नाहीत, आणि मीही तो विषय काढत नाही.